विटा कमी, भिंत गार

पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. तात्यांना दोन खोल्यांचे घर बांधायचे होते. पण विटांना पैसे पुरत नव्हते.

काकू म्हणाल्या, "कर्ज नको हो! मागचं फेडताना माझ्या पाटल्या गेल्या."

गवंडी म्हणाला, "तात्या, विटा आडव्या नका लावू. कडेवर उभ्या करू. दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी. मग एक वीट दोन्हींना जोडणारी, तीही कडेवरच. भिंत नऊ इंचांचीच होते. पण विटा चौथाईने कमी लागतात."

"पोकळ भिंत पडली तर?"

"नाही पडत. केरळात लॉरी बेकर यांनी अशी पुष्कळ घरं बांधली. ते २००७ साली वारले. त्यांची घरं आजही उभी आहेत. मात्र कोपरे आणि दाराखिडक्यांच्या कडा भरीव हव्यात. खालचा नि वरचा थरही भरीव हवा."

पोकळीत हवा अडून राहते. त्यामुळे उन्हाची धग आत हळू येते. थंडीत घरातली ऊब लवकर जात नाही. पश्चिमेचे ऊन फार तापते. म्हणून त्या बाजूला मोठी खिडकी ठेवू नये. समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर वारा खेळतो.

काकूंनी बोटांवर हिशेब केला. "आठ हजारांच्या जागी सहा हजार विटा. दोन हजारांचे पैसे वाचले. मग पत्र्याऐवजी कौलं घालू."

घर झाले. कर्ज झाले नाही.

तुम्हीही आधी हिशेब लिहा. मग पाया खणा.