नटणे, खरेदी आणि आपली श्रद्धा



आज आगमनकाळाचा तिसरा रविवार, म्हणजे आनंदाचा रविवार. आज आम्ही गुलाबी वस्त्रे परिधान करून वेदीपाशी उभे आहोत. ही वस्त्रे वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर निघतात : आज, आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी. मागच्या वर्षी मिस्सा संपल्यावर एका छोट्या वेदीसेवकाने आम्हांला गंभीरपणे सांगितले, "फादर, छान दिसता, पण हा मुलींचा रंग आहे." आम्ही हसलो, पण त्याच्या बोलण्यावरून एक गोष्ट लक्षात आली. आपली ख्रिस्तसभा कपड्यांच्या बाबतीत मुळीच उदासीन नाही. प्रायश्चित्ताला जांभळा, सणाला पांढरा, रक्तसाक्ष्यांसाठी लाल, सामान्य काळात हिरवा आणि आजच्या आनंदाला गुलाबी. ऋतूप्रमाणे रंग बदलणाऱ्या धर्मगुरूने कोणा तरुणीला "एवढे नटायला कशाला हवे?" असे विचारताना जरा जपूनच विचारावे.

हे लिहिण्याचे कारण असे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी मध्यंतरी मिस्सानंतर आमच्यासाठी थांबली होती. (हे बोलणे पापनिवेदनातले नाही, चर्चच्या पायऱ्यांवरचे आहे. तिच्या व तिच्या आईच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत फेरफार करून ते येथे देत आहोत.) तिने विचारले, "फादर, मला कपडे खूप आवडतात. कानातले, पर्स, सँडल, सगळेच आवडते. आई म्हणते, तुझे देवाकडे लक्ष नाही, सगळे लक्ष आरशात. हे पाप आहे का?"

आम्ही तिला तुझी खरेदी कशी असते ते सांग म्हटले. तिचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. ती इमारतीतल्या चार मुलांची शिकवणी घेते. त्यातून महिन्याला तीन हजार रुपये मिळतात, पैकी एक हजार आईच्या हातात देते. महिन्यातून एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर दोन मैत्रिणींबरोबर वांद्र्याला उतरायचे आणि हिल रोडवर फिरायचे. साडेपाचशे सांगितलेली कुर्ती साडेतीनशेला कशी मिळवायची, निघून जाण्याचे नाटक कुठल्या क्षणी करायचे, हे तिला पक्के ठाऊक. मग तिघींत मिळून दोन प्लेट शेवपुरी आणि एक कोल्ड कॉफी. परतीच्या गाडीत, महिलांच्या डब्यात, कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन फिरणाऱ्या ताईंकडून वीस-तीस रुपयांची एखादी जोडी. "फादर, सगळा आठवडा त्या शनिवारची वाट बघण्यात जातो," ती म्हणाली.

बंधुभगिनींनो, ह्यात पाप कुठे आहे ते आम्हांला तरी सापडले नाही. शेवपुरी तिघींत वाटून खाल्ली जाते, घरी एक हजार रुपये जातात आणि देवाने दिलेल्या डोळ्यांना रंग आवडतात. पवित्र शास्त्र उघडले तर काय दिसते? उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा बागेबाहेर जाण्यापूर्वी परमेश्वरानेच त्यांना वस्त्रे करून घातली. चूक केलेल्या लेकरांनाही त्याने उघडे जाऊ दिले नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या पुत्र परत येतो तेव्हा बाप आधी काय मागवतो? उत्तम झगा, अंगठी, पायांत जोडे. जेवणाची तयारी त्यानंतर. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला पांढरे वस्त्र देतो तेही आपण जाणतो. अंगावरचे वस्त्र प्रेमाची खूण होऊ शकते. आपल्या आज्यांनी लाल चौकड्यांची लुगडी लोखंडी पेटीत जपून ठेवली आणि सणाला नेसल्या, तेव्हा त्यांचे देवाकडे लक्ष नव्हते असे कोण म्हणेल?

मोठ्या संतांनीही ह्यावर विचार केलेला आहे. १२७४ साली निवर्तलेले संत थॉमस अक्वायनस सेमिनरीत आम्हांला पुष्कळ कठीण गेले. पण त्यांच्या महाग्रंथात पोशाखावर एक आख्खा प्रश्न आहे, आणि त्याच्या लगेच आधीचा प्रश्न खेळ आणि विनोद ह्यांवर आहे. तेथे त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी आख्यायिका दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा त्याने धनुष्य घेऊन आलेल्या एकाला बाण मारायला सांगितले, पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले. मग विचारले, असेच सतत करत राहशील का? तो माणूस म्हणाला, धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, हे योहानाचे उत्तर. परीक्षा, लोकलची गर्दी आणि घरची कामे ह्यांत ताणलेल्या मुलीला तो एक शनिवार म्हणजे सैल सोडलेली दोरी आहे.

पोशाखाविषयी अक्वायनस म्हणतात की दोष वस्तूत नसतो, ती वापरणाऱ्या माणसाच्या अतिरेकात असतो. हा अतिरेक तीन वाटांनी येतो : लोकांनी आपल्याकडे पाहावे म्हणून, केवळ अंगाच्या सुखासाठी म्हणून, किंवा कपड्यांची काळजी सगळे मन व्यापून टाकते म्हणून. पण ते इथे थांबत नाहीत. उलट बाजूचाही दोष ते दाखवतात. निव्वळ आळसाने गबाळे राहणे हा एक, आणि आपल्या साधेपणाचाच तोरा मिरवणे हा दुसरा. ह्या दुसऱ्या दोषाकडे आमच्यासारख्यांनी विशेष लक्ष द्यावे. विटलेला सदरा घालूनही माणूस आरशात पाहू शकतो. १६०९ साली प्रापंचिक भाविकांसाठी पुस्तक लिहिणारे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांची तर अशी इच्छा होती की चारचौघांत भक्तिमान माणसाचाच पोशाख सर्वांत नेटका असावा, मात्र त्यात डामडौल सर्वांत कमी असावा.

जाता जाता एक विचारतो. मुलीच्या पन्नास रुपयांच्या कानातल्यांची घरात चौकशी होते. मुलाच्या मोटारसायकलच्या नव्या सायलेन्सरची, फुटबॉल क्लबच्या जर्सीची किंवा वडिलांच्या संध्याकाळच्या 'बसण्या'ची चौकशी तेवढ्याच आवाजात होते का?

एवढे ऐकून ती मुलगी खूश होऊन निघेल असे आम्हांला वाटले होते. ती निघाली नाही. चपलेने पायरी घासत उभी राहिली आणि मग म्हणाली, "फादर, अजून एक आहे. मोबाईलवर 'आता घ्या, नंतर पैसे द्या' असे असते ना, त्यावर मी काही काही घेतले. चार हजार दोनशे झाले. आणि पार्सल घरी नाही मागवत. मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवते."

येथे आम्हांला तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले. शिकवणीच्या पैशांतून घेतलेली कुर्ती ती घरात शिरल्या शिरल्या आईला दाखवते, "सांग कितीला?" म्हणून विचारते. मोबाईलवर घेतलेला ड्रेस मैत्रिणीच्या कपाटात टांगलेला असतो, आणि कॉलेजच्या दिवशी तिच्याकडे जाऊन बदलायचा असतो. कपडा तोच, रंगही कदाचित तोच. पण एक दारातून उजळ माथ्याने येतो आणि दुसऱ्याला लपावे लागते. "तो ड्रेस घातल्यावर बरे वाटते का?" आम्ही विचारले. "तेवढे नाही वाटत," ती म्हणाली. "सारखे वाटते कोणी घरी सांगेल." आनंदासाठी घेतलेल्या वस्तूने आनंदच खाऊन टाकला होता.

आम्ही तिला रागावलो नाही, कारण आम्हांला आमचे बूट आठवले. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असताना एका सोबत्याने पांढरे स्पोर्ट्स शूज आणले. आम्हांलाही तसेच हवे झाले. आम्ही घरी पत्र लिहिले की पुस्तकांसाठी पैसे लागतील. वडिलांनी केळीचे घड विकून आलेले पैसे पाठवले आणि आम्ही बूट घेतले. ते दोन पावसाळे टिकले. पण सुट्टीत घरी येताना आम्ही ते सेमिनरीतच ठेवून जुन्या चपला घालून येत असू. वडील विचारायचे, "पुस्तके चांगली मिळाली ना?" तेव्हा आम्ही नीतिशास्त्राचा अभ्यास करत होतो, हे वेगळे सांगायला नको.

ह्या 'नंतर पैसे द्या' प्रकाराविषयी पालकांनाही थोडे सांगतो. दुकानात नोट मोजून देताना हाताला कळते की काहीतरी गेले. येथे बोटाने एकदा स्पर्श केला की वस्तू निघते, पैसे जाताना दिसत नाहीत. हप्ता चुकला की दंड लागतो. दंड भरायला दुसरीकडून उसने घेतले जाते. नाव काहीही असले तरी हे कर्जच आहे. आणि मुले घरी बोलायला घाबरली तर ते आतल्या आत वाढते. "आमच्या वेळी नाताळला एक जोड आणि चर्चच्या सणाला एक जोड" हे पालुपद आपण कमी आळवले, तर मुले कदाचित लवकर बोलतील.

लपवण्याची आणखी एक बाजू आहे, तीही ह्या अभ्यासात यायला हवी. कधी कधी आपण वस्तू लपवतो, तर कधी वस्तूमागची माणसे आपल्यापासून लपलेली असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण शिलाई कामगारांना सकाळी पुन्हा कामावर बोलावले गेले. ११०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य तरुण मुली व स्त्रिया, कित्येक आपल्या ह्या विद्यार्थिनीच्याच वयाच्या. त्या मुलींनाही कानातले आवडत असतील. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणाला, सकाळच्या मिस्साच्या प्रवचनात तेथल्या तुटपुंज्या वेतनाचा उल्लेख करून ह्या कामाला गुलामी म्हटले होते. त्यांच्या आधीचे पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी २००९ सालच्या आपल्या विश्वपत्रात लिहिले आहे की खरेदी ही पैशांच्या व्यवहाराबरोबरच नेहमी नैतिक कृतीही असते.

म्हणून प्रत्येक कुर्ती हातात घेऊन रडत बसावे असे आम्ही म्हणत नाही. हिल रोडवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला कारखाना दिसणार नाही, हेही खरे. पण काही गोष्टी दिसतात. दीडशे रुपयांचा ड्रेस दोनदा घालून फेकायचा की तीनशेचा दोन वर्षे वापरायचा, हे आपल्या हातात असते. गल्लीतल्या शिंपीणताईंकडे आईची साडी देऊन ड्रेस शिवून घेतला तर पैसे कोणाच्या चुलीपर्यंत गेले ते कळते. आणि गाडीतल्या त्या कानातलेवाल्या ताईंशी वीस रुपयांसाठी घासाघीस करण्याची खरेच गरज असते का? लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस जांभळी वस्त्रे व तलम कपडे वापरत असे. त्या दृष्टान्तात त्याच्या कपड्यांवर ठपका ठेवलेला नाही. दाराशी पडलेला लाजर त्याला दिसला नाही, तेथे तो चुकला.

नाताळ जवळ आल्यामुळे एक लहानशी तक्रारही येथेच करून टाकतो. गरजूंसाठी म्हणून धर्मगुरूनिवासाच्या ओट्यावर दरवर्षी कपड्यांच्या पिशव्या येतात. त्यांत चेन तुटलेल्या पँट आणि बगलेत फाटलेले झगे असतात. ज्यांच्यासाठी ते येतात त्यांच्या घरातही वीस वर्षांची मुलगी आहे, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तिलाही चार मैत्रिणींत उभे राहायचे आहे. कपडे द्यायचे तर धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून द्या. एखादा नवा देता आला तर दुकानाच्या पिशवीतच द्या.

त्या मुलीने पुढे काय केले, हे वाचकांना हवे असेल. आम्ही तिला एवढेच सांगितले होते की पार्सलवर घरचा पत्ता घाल, आणि आधीचे आईला आज रात्रीच सांग. पुढच्या रविवारी आईच आली. आधी ती आमच्यावरच रागावली की फादर, तुम्ही मुलीला फार डोक्यावर चढवता. मग म्हणाली की रात्री खूप बोलणी दिली, दोघीही रडल्या. चार हजार दोनशेचा हिशेब मांडून तीन महिन्यांत फेडायचे ठरले आहे, तोवर हिल रोड बंद, शिकवणीला आणखी एक मूल घ्यायचे. मैत्रिणीच्या कपाटातले ड्रेस घरी आले. त्यांतला एक आईलाही आवडला.

"आणि फादर," निघता निघता ती थांबली आणि आवाज खाली करून म्हणाली, "माझ्या लग्नाला बावीस वर्षे झाली. आजवर आणलेल्या प्रत्येक साडीची किंमत मी ह्यांना दोनशे-तीनशेने कमीच सांगत आले. मुलीला ते माहीत होते. तिने त्या रात्री मला ते बोलून दाखवले."

"मग?" आम्ही विचारले.

"मग काय, नाताळची साडी आणली ती खरी किंमत सांगून आणली. ते म्हणाले, ह्या वर्षी साड्या फारच महागल्या."