लाउडस्पीकरला फळी का हवी?

सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला त्याच्या स्पीकरइतक्याच ओहमचा आठ इंची लाउडस्पीकर जोडून तो हातात धरा. सनई स्पष्ट ऐकू येईल, पण डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होईल. असे का?

स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना भेटतात आणि बऱ्याच अंशी खोडून टाकतात. सेकंदाला १०० कंपनांच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, म्हणून तो सहज वळतो. ३४०० कंपनांच्या स्वराची अवघी १० सेंटिमीटर असते. तो फारसा वळत नाही.

आता उपाय करू. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रे लाकडी खोक्यांतून येतात. तशा खोक्याची मीटरभर लांब-रुंद फळी मिळवा. मध्यापासून थोडे बाजूला भोक पाडून स्पीकर घट्ट बसवा. सर्व कडा सारख्या अंतरावर नसल्या म्हणजे एकच स्वर सगळीकडून खोडला जात नाही. फटी मेणाने बुजवा. डग्गा पुष्कळ भरून येईल, आणि तोही आवाजाची कळ न फिरवता!

घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युत्-ऊर्जेचा साधारण शंभरावा भागच ध्वनी होतो, उरलेल्याची उष्णता होते. त्या अल्प ध्वनीतलाही खर्ज वाया का घालवावा? मोठा ॲम्प्लिफायर विकत घेण्याआधी फळी लावून पाहा.