आधी प्लग, मग गाडी

पोरी, पाडव्याला आणलेल्या गाडीच्या दाराला रंगाचा डाग निघाला, टायर गाडीपेक्षा वयानं मोठे निघाले आणि शोरूमवाले आता फोन उचलत नाहीत, हे सगळं कळलं. ‘ही विकते आणि विजेची घेते,’ असं तू घरात जाहीर केलंस, तेही कानावर आलं. घे की, अडवतंय कोण! फक्त त्याआधी आत्याचं हे एवढं सावकाश वाच. कानमंत्राला पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी तो ऐकत नाही.

१. तुझा राग शोरूमवर आहे, पेट्रोलवर नाही, हे आधी मनाशी नक्की कर — विजेची गाडीसुद्धा अशाच एखाद्या शोरूममधून, अशाच गोड बोलणाऱ्या मुलांकडून घ्यायची आहे.

२. कोरी गाडी तिरीमिरीत विकू नकोस — नंबर पडला की बाजारात ती जुनीच, आणि तुझी घाई घेणाऱ्याला फोनवरच कळते. रागाचा सौदा, दुसऱ्याचा फायदा.

३. तक्रार आजच लेखी कर, फोटो आणि तारखा जोडून, आणि त्याच ईमेलची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागालाही धाड — फोनवरचं ‘मॅडम, करून देतो’ दुसऱ्या दिवशी म्हणणाऱ्यालाच आठवत नाही.

४. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर, आणि वाट दिसेना झाली तर १९७५पासून या कामात असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीला विचार — २०१९च्या ग्राहक कायद्यानं तू राहतेस तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, पन्नास लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, पण मुदत दोनच वर्षांची आहे.

आता विजेचं बघू.

५. गाडी कुठली ते नंतर. रात्री ती कुठे उभी राहणार आणि तिथे प्लग आहे का, ते आधी — माटुंग्याच्या जुन्या तीन मजली बिल्डिंगांत पार्किंग नावापुरतं, आणि रस्त्यावर झाडाखाली लावलेल्या गाडीला खिडकीतून वायर सोडता येत नाही. आधी प्लग, मग गाडी.

६. बुकिंगचे पैसे भरण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज दे आणि एनओसी हातात घे. पगडीची जागा असेल तर मालकाला गाठ — शोरूम तासाभरात बुकिंग घेतं, कमिटीची मीटिंग मात्र महिन्यानं भरते.

७. मीटरचा मंजूर लोड बेस्टच्या बिलावर बघ, आणि वायरिंग-अर्थिंगचं काम परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घे — साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर ४५ युनिटांची बॅटरी भरायला १५ तास लागतात, ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर साडेसहा, पण तो एसी-गीझरच्या जोडीनं चालला तर जुनं मीटर कुरकुरतं.

८. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली असेल तर नवं पार्किंग स्टॅकचं की टॉवरचं, तिथे चार्जर बसतो का, आणि एका पाट्यावर किती वजन चालतं, हे बिल्डरला आत्ताच लेखी विचार — विजेच्या मोठ्या एसयूव्ही दोन टनांच्या घरात जातात, आणि पाट्याला तुझी हौस कळत नाही.

९. पुढचा महिनाभर गाडी खरंच कुठे कुठे आणि किती गेली ते वहीत लिही — माटुंग्याला दोन्ही लाइनींवर स्टेशन, त्यामुळे तू ऑफिसला लोकलनंच जाणार. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीला विजेची बचत जमवायला फार वर्षं लागतात.

१०. जाहिरातीतल्या रेंजमधून चौथा ते तिसरा हिस्सा वजा करूनच हिशेब मांड — ती रेंज म्हणजे स्थळाच्या पत्रिकेतली उंची. खोटी नसते, पण मोजताना चपला पायातच असतात.

११. शोरूमच्या दहा मिनिटांच्या चकरेवर भागवू नकोस. शनिवार-रविवार तीच गाडी भाड्यानं मिळते का बघ आणि आईबाबांना बसवून पुण्याला जाऊन ये — खंडाळ्याच्या चढावर बॅटरी किती उतरते, उतारावर त्यातली किती परत येते, आणि बाबांचे गुडघे मागच्या सीटवर मावतात का, हे ब्रोशरमध्ये नसतं.

१२. गणपतीला कोकणात न्यायची असेल तर वाटेतले निदान दोन चार्जर आणि दोन पर्यायी चार्जर आधी लिहून ठेव — ॲपमध्ये हिरवा ठिपका दिसला म्हणजे तो चालू असतोच असं नाही, आणि त्या दिवसांत अख्खी मुंबई त्याच रस्त्यावर असते.

१३. बॅटरीच्या वॉरंटीचा कागद घरी आणून चष्मा लावून वाच: किती वर्षं, किती किलोमीटर, आणि पहिल्या मालकापुरती की पुढच्यालाही — ‘लाइफटाइम’ हा शब्द मोठ्या टायपात असतो, अटी मुंगीएवढ्या.

१४. बॅटरी भाड्यानं घेऊन गाडी स्वस्तात पडते असं सांगतील, तेव्हा महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावे लागतात ते विचार — २०२४च्या सप्टेंबरात एमजी विंडसर ९ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये अशी आली आणि लोक पहिलाच आकडा लक्षात ठेवून बसले. दुसरा आकडा विसरला, तो दर महिन्याला आठवला.

१५. सवलती खऱ्या आहेत, पण एकेक तपासून घे: जीएसटी ५ टक्के आहे आणि अटल सेतूवर २०२५च्या ऑगस्टपासून टोल माफ आहे, राज्याच्या २०२५च्या धोरणात एक्स्प्रेसवे आणि समृद्धीचीही माफी आहे, तरी फास्टॅगचे मेसेज वाचत जा — कागदावरची माफी खात्यात उतरायला वेळ लागतो. आणि कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये दीड लाखाची सूट कुणी दाखवली तर गोड हस. ती ३१ मार्च २०२३पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठीच होती.

१६. नेक्सॉन रांजणगावची, बीई ६ चाकणची, म्हणजे ‘आपल्याच अंगणातली’, यावर भुलू नकोस. माटुंग्याहून जवळच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि तिथे थांबलेल्या दोघा-तिघा मालकांशी बोल — सेल्समन गाडीचे गुण सांगतो, बाकावर बसलेला माणूस तिचा स्वभाव सांगतो.

१७. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरची दोन कोटेशनं आण आणि ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ व बॅटरीचं कव्हर धरून तुलना कर — विजेच्या गाडीत सर्वांत महागडा भाग बॅटरीच, आणि नेमका तोच स्वस्त पॉलिसीत गळलेला असतो.

१८. डिलिव्हरीआधीची तपासणी, म्हणजे पीडीआय, नंबर पडण्याआधी, दिवसाउजेडी आणि यार्डात जाऊन कर. चेसिस नंबर, बनावटीचा महिना आणि टायरवरचे चार आकडे बघ — ‘२३२५’ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा, आणि नंबर एकदा पडला की डाग तुझाच.

१९. तिथेच चार्जर लावून गाडी चार्ज होते का बघ, केबल डिकीत आहे का बघ, आणि ॲप तुझ्याच मोबाइल नंबरावर चालू करून घे — उरलेले पैसे देणं बाकी असतं तोवर सगळे हजर असतात. नंतर साहेब कायम मीटिंगमध्ये.

२०. मुहूर्त पाळ, पण पाडवा-दसऱ्याच्या गर्दीत तपासणी उरकू नकोस. ती आठवडाभर आधी कर आणि सणाला फक्त नारळ फोड — हार, केक, पुठ्ठ्याची मोठी किल्ली आणि फोटो यांच्या गडबडीत सही कशावर केली ते कुणी वाचत नाही. फोटोत हसला, तो कागदात फसला.

२१. घरी आल्यावर बॅटरी कुठल्या प्रकारची आहे आणि रोज किती टक्क्यांपर्यंत भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत बघ — एलएफपी बॅटरीला अधूनमधून शंभर टक्के भरलेलं मानवतं, एनएमसीला रोज ऐंशीच्या आसपास थांबलेलं बरं.

२२. गावाला जाताना गाडी आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नकोस. शेजाऱ्याला मधून एक फेरी मारायला सांग — मोठ्या बॅटरीखेरीज तिला बारा व्होल्टची छोटी बॅटरीही असते, ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

२३. पाऊस कोसळत असेल तर गांधी मार्केट आणि हिंदमाताला शौर्य दाखवू नकोस — आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी, पोहण्याचा परवाना नव्हे. गाडी पाण्यात बुडालीच तर वरून कोरडी दिसली तरी चार्जिंगला लावू नकोस, टो करून सर्व्हिस सेंटरला धाड.

२४. चार गाड्या बघ, दोन चालव, एक ठरव, आणि मग बघणं बंद कर — नवं मॉडेल पुढच्या महिन्यात येणारच, आणि ते तुझ्यापेक्षा स्वस्तात घेणारा कुणीतरी लग्नात भेटणारच.

एवढं जमलं तर डागवाली दुरुस्त करून घेऊन तीच ठेव, नाहीतर विजेची आण. दोन्हीला माझा आशीर्वाद आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र आजच गाठ. संध्याकाळी ते फाइव्ह गार्डनला फेऱ्या मारत असतात, तेव्हा खुशीत असतात. दुसऱ्या फेरीनंतर विचार, पहिलीत ते फोनवर असतात.