पिकअपवर केबिन चढविताना : वजन, तोल आणि बांधणी

पावसाळ्यात बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहा, भजी आणि मक्याच्या कणसांना चांगले गिऱ्हाईक असते. अशा धंद्यासाठी पत्र्याची तयार केबिन पिकअपच्या हौद्यात बसवून नेणे सोयीचे पडते. हंगाम संपला की केबिन उतरवावी आणि गाडी मालवाहतुकीला मोकळी करावी. अमेरिकेत राहण्याची छोटी खोलीही अशीच पिकअपवर सरकवून नेतात. मात्र चढविताना केबिन घसरली तर कारागिराचा हात-पाय जाऊ शकतो. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वजनाचा हिशेब : आर.सी.वर गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन दिलेले असते. समजा, ही वजने १,६५० आणि २,९०० किलो आहेत. म्हणजे भार १,२५० किलोच चालेल. केबिन ६५०, पाणी २०० लिटर म्हणजे २०० किलो, दोन भरलेले व्यापारी सिलिंडर सुमारे ७५, भांडी व माल १०० आणि चालकासह तीन माणसे २१०. बेरीज १,२३५ किलो. शिल्लक फक्त १५! अंदाजावर न जाता वजनकाट्यावर गाडी न्यावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. ठरलेल्या मापाबाहेर भार काढला तरी २०,००० रुपयेच.

तोल : केबिन एका आडव्या पाइपवर ठेवून पुढे-मागे सरकवावी. ती जिथे समतोल राहील तिथे रंगाने खूण करावी. गाडीवर ही खूण मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे यावी. ६५० किलोची केबिन ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे बसली आणि दोन ॲक्सलमधील अंतर ३ मीटर असले, तर पुढच्या चाकांवरचा भार ६५ किलोने कमी होतो. मग स्टेअरिंग हलके लागते आणि ओल्या वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते.

चढविणे : जागा सपाट व कडक असावी. चिखलात जॅक रुततो. त्याखाली जाड फळी ठेवावी. चारही कोपऱ्यांचे जॅक थोडे थोडे, बरोबरीने फिरवावेत. एकच कोपरा उचलला की केबिन कलंडते. हौद्यात रबरी चटई अंथरावी, गाडी सरळ मागे घ्यावी आणि इशारा एकाच माणसाने द्यावा. केबिनच्या खाली किंवा गाडी व केबिनच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. गाडी जागेवर आली की हँडब्रेक ओढून, चाकांना लाकडी ठोकळे लावून मगच केबिन खाली उतरवावी.

बांधणी : पट्टे हौद्याच्या पातळ पत्र्याला न बांधता चासीला पक्क्या जोडलेल्या हुकांना बांधावेत. चार कोपऱ्यांना चार पट्टे असावेत. पुढचे पट्टे पुढे आणि मागचे मागे ओढलेले असावेत. पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा ताणावेत. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि सिलिंडर उभा, बांधलेला हवा. अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावते, म्हणून पाणी जागेवर पोहोचून भरावे. चालत्या गाडीत केबिनमध्ये कोणालाही बसवू नये. एकूण उंची मोजून चालकासमोर लिहून ठेवावी. फांद्या आणि विजेच्या तारांखाली ती उपयोगी पडते.

कागदपत्रे : केबिन गाडीला कायमची जोडायची असेल तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. त्याच्या हद्दीत परवानगीविना गाडी लावू नये. पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर बंदीचे हुकूमही निघतात, त्यांची चौकशी करूनच माल भरावा.

केबिन बनविणाऱ्या कारागीर बांधवांनी एक पद्धत पाडावी. प्रत्येक केबिनवर तिचे वजन, उंची आणि तोलाची खूण ठळक रंगवून द्यावी. खर्च थोड्या रंगाचा. पण ज्याच्या हाती ती केबिन जाईल त्याला वजनाचा अंदाज बांधत बसावे लागणार नाही.