भिंतीशी भांडू नको, तार ओढ

बापू, जुन्या राउटरची रेंज किती, हे विचारू नको. त्याच्यापर्यंत तार कशी नेता येईल, ते आधी बघ. तार पोचली की दहा वर्षांपूर्वीचा डबासुद्धा वरच्या मजल्यावर चांगलं नेट देतो. तार नसली तर नवाकोरा महागडा राउटरही भिंतीपुढं हात टेकतो. तुझ्या या मामानं जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढल्या म्हणून तो तारेची बाजू घेतो, असं समजू नको. आपल्याकडची घरंच तशी आहेत.

नांदेडचा आपला वाडा तू लहानपणापासून पाहतोस. दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर माळवद आणि माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात माजघरात गारवा राहतो तो या जाडीमुळं, आणि वायफायची लहर जिरते तीही या जाडीतच. 5 गिगाहर्ट्झ एका भिंतीतच संपतं. 2.4 गिगाहर्ट्झ जरा पुढं जातं, पण दुसरी भिंत त्यालाही जड. पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा आणखी कमी. वाड्यात प्रत्येकाला वाटतं, राउटर देवळीत ठेवावा. नीट बसतो, लेकरांचा हात लागत नाही. पण देवळी म्हणजे पाच बाजूंनी भिंत आणि उघडी एकच बाजू. तिथं ठेवलेला राउटर समोरच्या ओसरीपुरताच उरतो. त्याला तुळईला टांग, खोलीच्या मध्यावर.

तुमच्या लातूरकडची गोष्ट वेगळी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अशीच माळवदं आणि अशाच भिंती अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांनी दगडाची धास्तीच घेतली. स्लॅब आला, पत्रा आला. स्लॅबच्या पोटात सळ्यांची जाळी असते, आणि पत्रा तर लहर सरळ परतवून लावतो. तुझ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत खालचं नेट पोचत नाही, त्यात राउटरचा काही दोष नाही. शेजारी पाण्याच्या टाक्या आहेतच. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात टाकी मोठीच लागणार, त्याला इलाज नाही. पण भरलेली टाकी 2.4 ची लहर शोषते, म्हणून राउटर आणि खोली यांच्या मधे टाकी येऊ देऊ नको. लोखंडी कपाट आणि मोठा आरसाही तसेच अडवतात. लहर वर चढते ती जिन्याच्या मोकळ्या जागेतून. दुसरा राउटर बसवायला जिन्याचं वरचं तोंड ही चांगली जागा.

काम सुरू करायच्या आधी मोबाईल हातात घेऊन घरभर फीर. वायफाय मोजणारं एखादं फुकटचं ॲप घे. सिग्नलचा आकडा उणे 50 डीबीएमच्या आसपास असला तर उत्तम. उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल बिनातक्रार चालतो. उणे 80 च्या खाली गेलं की गोल चक्र फिरत राहतं. प्रत्येक खोलीचा आकडा कागदावर लिही, मग तारेची जागा आपोआप ठरते.

आता डब्यांकडं ये. तुमच्या माळ्यावर दोन जातीचे डबे निघतील. 2005 साली फोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं आणि त्याच वर्षी सरकारनं 2.4 चा पट्टा परवानामुक्त केला; त्यानंतर घरोघर आलेले मोडेम ही पहिली जात. त्यांना फोनच्या पिनेचं एक बारकं तोंड आणि बहुधा चार लॅनची तोंडं असतात. बारक्या तोंडाला हातच लावू नको, लॅनची तोंडं आपल्या कामाची. दुसरी जात साध्या राउटरची, एक वेगळ्या रंगाचं वॅनचं तोंड असलेली. दोन्ही चालतात. पण घेण्याआधी मागचं लेबल वाच. कुणाला 9 व्होल्ट लागतात, कुणाला 12, आणि पिन मात्र सारखीच बसते. 9 च्या डब्याला 12 चा अडॅप्टर लावला की डबा जळू शकतो. व्होल्ट तंतोतंत हवेत. अँपिअर लेबलपेक्षा जास्त असला तरी चालतो. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-2 ही वायफायची सुरक्षा नसेल तर तो डबा राहू दे. उघडून पाहिलास आणि आतल्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तरी तो ई-कचऱ्यात द्यायचा.

सेटिंग करताना क्रम चुकवू नको. जुना डबा घरच्या नेटला न जोडता फक्त लॅपटॉपला तारेनं जोड. टाचणीनं रीसेटचं भोक दहा-पंधरा सेकंद दाबून धर, दिवे एकदम लुकलुकतील. खालच्या स्टिकरवरचा पत्ता, म्हणजे 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, ब्राउझरमध्ये टाकून आत जा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखेच ठेव, म्हणजे घरात फिरताना मोबाईल आपोआप जवळचा डबा धरतो. सुरक्षेला डब्ल्यूपीए-2 आणि त्यात एईएस निवड. टीकेआयपी ठेवलंस तर वेग 54 एमबीपीएसच्या पुढं जात नाही. मग लॅनचा पत्ता बदल. मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.250 दे. तो आकडा मुख्य राउटर मोबाईलना जे पत्ते वाटतो त्यात येत नाही ना, हे तिकडं जाऊन पाहून घे. डबा पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यानं आत जा आणि डीएचसीपी सर्व्हर डिसेबल कर.

ही डीएचसीपीची पायरी सुटते, आणि मग सगळ्या घराची झोप उडते. एका घरात पत्ते वाटणारे दोघं झाले की काही मोबाईल चुकीच्या डब्याकडून पत्ता घेतात. वायफाय जोडलेलं दिसतं, नेट चालत नाही. तेही कधी याचं, कधी त्याचं, म्हणून खोड सापडत नाही. अशी तक्रार आली की दुसरं काही शोधण्याआधी डीएचसीपी बघ.

शेवटी तार: मुख्य राउटरच्या लॅनमधून निघून जुन्याच्याही लॅनमध्येच. वॅनचं तोंड रिकामं राहू दे. आणि त्याच दोन डब्यांमध्ये दुसरी तार चुकूनही जोडू नको. आतल्या आत फेरा बसतो आणि घरभराचं नेट ठप्प होतं.

वॅनचं तोंड वापरायची एक जागा आहे, आणि ती नेमकी तुझ्या घरात आहे. लातूर पॅटर्नमुळं तुमच्या गल्लीत घरोघर नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्यानं राहतात, तुमच्याही वर आहेत. त्यांना नेट द्यावं, पण आपले कॅमेरे, प्रिंटर आणि बाबांचा कॉम्प्युटर त्यांच्या ओळीत नको. पोरांचा डबा मुख्य राउटरला मी सांगितला तसा लॅनला लॅन जोड. आपल्या घरासाठी दुसरा राउटर घे, मुख्य राउटरची तार त्याच्या वॅनमध्ये घाल, त्याचं डीएचसीपी चालू ठेव, पत्ता वेगळा दे, जसा 192.168.5.1, आणि वायफायचं नाव-पासवर्डही निराळे ठेव. घरातले सगळे याच राउटरमागं. घर आत आणि भाडेकरू बाहेर, ही दिशा उलटी करू नको. भाडेकरूंना आत ठेवलंस तर त्यांना बाहेरचं, म्हणजे आपलं घर, दिसतच राहतं.

त्या गल्लीत वायफायची गर्दीही फार. 2.4 मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच: 1, 6 आणि 11. खालचा डबा 1 वर, मधला 6 वर, वरचा 11 वर ठेव आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झच राहू दे. 40 केलीस तर शेजाऱ्याचंही बिघडतं आणि आपलंही. जुन्या डब्याची तोंडं 100 एमबीपीएसची असतात, हाती 94 पर्यंत येतात आणि वायफायवर त्याहून कमी. एका व्हिडिओ तासिकेला तीन-चार एमबीपीएस पुरतात, तेव्हा पोरांचं काही अडत नाही.

तारेविना रिपीटर करता येतो का? येतो, पण जिथं भिंत फोडता येत नाही तिथंच कर. तोच रेडिओ ऐकतो आणि तोच बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. ठेवायचा तो अर्ध्या वाटेवर, जिथं मूळ लहर अजून दणकट आहे. जिथं लहरच पोचत नाही त्या खोलीत नेऊन ठेवलास तर पुढं काय पाठवणार?

तार कॅट-5ई घे, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार पिन मारताना तुटते. एका ओढीत 100 मीटरपर्यंत चालते. विजेच्या तारेच्या पट्टीत घालू नको, आणि वाड्यात तर उंदरांसाठी पीव्हीसी पाइप हवाच. माळवदाला साणं असलं तर तार तिथून उतरव, भिंत फोडायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगतो. एका इमारतीतून दुसरीकडं, गच्चीवरून गोठ्याकडं, तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नको. वळवाच्या पावसात आपल्याकडं विजा पडून दरवर्षी माणसं-जनावरं जातात. वीज तारेवरच पडायला पाहिजे असं नाही. जवळपास पडली तरी तारेत जोर येतो आणि दोन्ही टोकांचे डबे जातात, हात लावलेला माणूसही जाऊ शकतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाक, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लाव. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. फायबर घेताना मात्र आत लोखंडी तार नसलेली घे.

उन्हाचंही बघ. बहुतेक राउटर 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि नांदेड-लातूरचा मे त्याच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत डबा पत्र्याखाली टांगू नको. खाली, सावलीच्या भिंतीला, हवा लागेल असा ठेव. आणि लाईट गेल्यावर काय? मुख्य राउटर इन्व्हर्टरवर आणि वरचा डबा साध्या प्लगवर, असं असलं की ऐन परीक्षेत वरची पोरं नेटविना बसतात. दोघांनाही इन्व्हर्टरची लाईन दे.

जुन्या डब्यांना कंपनीकडून दुरुस्त्या येणं थांबलेलं असतं. म्हणून तो थेट इंटरनेटच्या तोंडावर ठेवायचा नाही, मुख्य राउटरच्या मागंच. घरासाठी वॅनवर लावायचा तो त्यातल्या त्यात नवा निवड. प्रत्येकात डब्ल्यूपीएस बंद कर, रिमोट मॅनेजमेंट बंद कर, आणि ॲडमिन-ॲडमिन हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करणाऱ्या तुझ्या भावाला जुन्या डब्यात ओपन-डब्ल्यूआरटी ही मोकळी प्रणाली घालून पाहायची हौस असेल तर घालू दे. पण 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅमचे डबे त्याच्या नव्या आवृत्त्यांना पुरत नाहीत, हे त्याला आधी सांग.

काम झालं की प्रत्येक डब्याच्या पोटाला कागद चिकटव: त्याचा पत्ता, चॅनेल, व्होल्ट, आणि तार कुठल्या डब्याच्या कितव्या तोंडातून आली ते. ॲडमिन पासवर्ड त्यावर नको, तो ताईच्या वहीत. मग घराचा मेन बंद कर, इन्व्हर्टर चालू झाला की पत्र्याच्या खोलीत जा, मोबाईलचं सिमचं नेट बंद ठेव आणि मला व्हिडिओ कॉल लाव.