वटवाघळांचे कालज्ञान

सूर्य मावळला की पडक्या देवळांतून आणि डोंगरकपारींतून वटवाघळे बाहेर पडतात, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. अंधार पडल्यावरून त्यांना वेळ कळत असावी, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु ज्या गुहेच्या अंतर्भागात भरदुपारीही काळोखच असतो, तेथे लटकणाऱ्या वटवाघळाला सूर्यास्ताची वार्ता कोण देते? मदुराई कामराज विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एम. के. चंद्रशेखरन व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला.

प्रश्नाचे महत्त्व

त्यांनी अभ्यासिलेले पर्णनासिक वटवाघूळ जेमतेम 10 ग्रॅम वजनाचे असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास 'हिपोसिडेरॉस स्पिओरिस' म्हणतात. ते कीटकांवर उपजीविका करते. उजेड असताना बाहेर पडावे, तर शिकारी पक्ष्यांचे भय. फार उशीर करावा, तर तिन्हीसांजेला विपुल उडणारे कीटक हातचे जातात. तेव्हा वेळेचे भान हा त्याच्या जीवनमरणाचाच प्रश्न होय.

आंतरिक घड्याळ

1729 मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञास असे आढळले की, लाजाळूच्या जातीचे रोप काळोखात ठेवले तरी त्याची पाने ठराविक वेळी उघडतात व मिटतात. वनस्पतींप्रमाणेच प्राण्यांच्या शरीरांतही असे कालमापन चालते. मात्र ही आंतरिक लय बरोबर 24 तासांची क्वचितच असते. थोडे मागे वा पुढे जाणारे घड्याळ जसे रोज लावून घ्यावे लागते, तशीच ही लयही बाह्य सृष्टीशी रोज जुळवून घ्यावी लागते. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत हे काम दिवस-रात्रीचा प्रकाश व अंधार करतात. गुहेत ते कशाने होत असावे?

गुहेतील प्रयोग

जी. मारिमुथु, एस. राजन आणि चंद्रशेखरन यांचा यासंबंधीचा निबंध 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. गुहेच्या गडद काळोखात एका वटवाघळास पिंजऱ्यात ठेवून त्याच्या हालचालींची नोंद घेण्यात आली. त्याला बाहेर जाता येत नव्हते आणि बाहेरचा प्रकाशही दिसत नव्हता; परंतु त्याच गुहेतील त्याचे जातभाई नित्याप्रमाणे ये-जा करीत होते. या बंदिवान वटवाघळाची लय 24 तासांच्या दिवसाशी जुळलेली राहिली. वस्ती नसलेल्या गुहेत एकाकी ठेवलेल्या वटवाघळाची लय मात्र दिवसाशी जुळून न राहता स्वतःच्याच गतीने चालू लागली.

दोन्हीकडे काळोख होता. भेद होता तो सोबतीचा. त्यावरून असा निष्कर्ष निघतो की, एकाचे घड्याळ दुसऱ्यांच्या हालचालींवरून लावले जाते. या कामी त्यांच्या आवाजांचा मोठा वाटा असावा. हे आवाज मनुष्याच्या श्रवणमर्यादेपलीकडचे असल्याने, आपणांस निःशब्द वाटणारी गुहा त्यांच्या लेखी गजबजलेलीच असते.

प्रकाशाची चाचपणी

येथे वाचक विचारील की, मग त्या जातभाईंना तरी वेळ कशी कळते? सायंकाळी निघण्यापूर्वी काही वटवाघळे गुहेच्या तोंडाजवळ येतात, बाहेरच्या उजेडाचा अंदाज घेतात आणि पुन्हा आत परततात. एवढा अल्प प्रकाश पुरेसा होतो का? डी. एस. जोशी व चंद्रशेखरन यांनी 1982 मध्ये दाखवून दिले की, तारकांच्या प्रकाशाहूनही मंद असा दिवसाचा उजेड वटवाघळाची लय नियंत्रित करण्यास समर्थ असतो. पुढे 1984 मध्ये त्यांनी असेही सिद्ध केले की, सेकंदाच्या केवळ दोन हजाराव्या भागापुरता चमकलेला प्रखर प्रकाशही हे घड्याळ पुढे-मागे करू शकतो.

उपसंहार

या संशोधनाचा बोध केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. इतक्या सूक्ष्म प्रकाशाने ज्यांची लय बदलते, त्यांच्या गुहेत रोषणाई करणे म्हणजे त्यांच्या दिनक्रमातच ढवळाढवळ करणे होय. शिवाय या वटवाघळांचे कालज्ञान काही अंशी समूहाच्या आधारावर टिकून असते. म्हणून वटवाघळांचे रक्षण करावयाचे, तर त्यांची गुहा, तेथील काळोख आणि तेथील अखंड वस्ती या तिन्हींचे रक्षण केले पाहिजे.