आधी उपचार, मग अनामत

थोरल्या बहिणीच्या यजमानांस एका रात्री छातीत असह्य कळा येऊ लागल्यामुळे आम्ही त्यांस जवळच्या धर्मादाय रुग्णालयात नेले, तेव्हा खिडकीमागील कारकुनाने प्रथम विम्याचे कार्ड मागितले, आणि विमा नाही असे कळताच, अनामत भरल्याखेरीज दाखल करून घेता येणार नाही असे बजावून, पुढे केलेला अर्ज पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. चाकांच्या खुर्चीत भावोजी घामाने निथळत होते आणि बहीण मनगटांतील पाटल्या ओढून काढण्याची पराकाष्ठा करीत होती. इतक्यात रात्रपाळीच्या एक सिस्टर जवळून जाताना हलकेच म्हणाल्या, "पैशांचं नंतर बघा, आधी कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना बोलवायला सांगा." मी तसे मोठ्याने सांगितले, आणि नकारच द्यावयाचा असेल तर तो सहीशिक्क्यानिशी लेखी द्यावा, अशी मागणी केली, त्यासरशी डॉक्टर आले, ईसीजी निघाला आणि उपचारांस प्रारंभ झाला.

न भरणाऱ्यासही सेवा मिळू लागली तर भरणारा का भरील, हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात साउथ फुल्टनच्या अग्निशामक दलाने 2010 साली, गावाबाहेरील एका कुटुंबाने 75 डॉलरांची वार्षिक वर्गणी भरली नव्हती एवढ्यावरून, त्यांचे घर डोळ्यांदेखत जळू दिले आणि वर्गणीदार शेजाऱ्याच्या मालमत्तेचे तेवढे रक्षण केले, ते याच तर्काने. परंतु बिल, हप्ते, दिवाणी दावा हे वसुलीचे सारे मार्ग आग विझल्यावर किंवा नाडी स्थिरावल्यावरही शाबूत असतात; म्हणून अनामतीपायी उपचार खोळंबविणे मला अक्षम्य वाटते.

आपल्याकडील कायद्याचा कौलही असाच आहे. सरकारी असो वा खाजगी, प्राणरक्षण हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच ठरविले. आणि महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी तर 10 टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या असून, तातडीच्या रोग्यास तत्काळ दाखल करून घ्यावयाचे आहे.

तेव्हा अशी वेळ आल्यास खिडकीशी पैशांची घासाघीस करीत बसू नये. 'इमर्जन्सी आहे, डॉक्टरांना बोलवा' एवढेच ठामपणे म्हणावे. रोगी सावरल्यावर वैद्यकीय समाजसेवकांस गाठून शिधापत्रिका व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यांच्यापुढे ठेवावा. दाखला हाताशी नसेल तर तो मागाहून आणून देण्याची तजवीज करावी. दुसरीकडे हलविण्यास सांगितले, तर केलेल्या प्रथमोपचारांची नोंद असलेली चिठ्ठी घेतल्यावाचून निघू नये आणि 108 ची विनामूल्य रुग्णवाहिका बोलवावी. नकार मिळालाच, तर वेळ आणि नकार देणाऱ्याचा हुद्दा तेथल्या तेथे टिपून ठेवावा, म्हणजे धर्मादाय रुग्णालयाविरुद्ध धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात आणि शहरातील इतर शुश्रूषागृहांविरुद्ध महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे तक्रार गुदरताना कैफियत अपुरी पडत नाही.